दुरून घेतलेली दीक्षा : जिमी हेंड्रिक्स आणि फ्रेडी मर्क्युरी

१/
१८ सप्टेंबर १९७०. अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्स याचे लंडनमध्ये वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी निधन झाले. बातमी कळताच केन्सिंग्टन मार्केटमधील जुन्या कपड्यांचा एक लहानसा गाळा त्याच्या स्मरणार्थ बंद ठेवण्यात आला. गाळा चालवणारे दोन तरुण होते रॉजर टेलर आणि फारुख बल्सारा. त्यांचा ‘क्वीन’ हा बँड त्याच वर्षी आकाराला आला होता. यांतील बल्साराला जग पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने ओळखू लागले.

२/
हेंड्रिक्स हे फ्रेडीचे दैवत होते, हे सर्वश्रुत आहे. परंतु यात एक कोडे दडलेले आहे. हेंड्रिक्स गिटारचा जादूगार, तर फ्रेडी गायक आणि पियानोवादक. दोघांचे वाद्य वेगळे, आवाज वेगळा, संगीताची घडणही वेगळी. मग फ्रेडीने हेंड्रिक्सकडून नेमके घेतले तरी काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना झांझिबार, पाचगणी, अमेरिकेचा दक्षिण भाग आणि मावळत्या ब्रिटिश साम्राज्याची राजधानी असा प्रवास करावा लागतो.

३/
फारुख बल्साराचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमधील स्टोन टाऊन येथे एका पारशी कुटुंबात झाला. बल्सारा हे आडनाव गुजरातमधील बलसाड, म्हणजे आजच्या वलसाडवरून आले. वडील बोमी बल्सारा हे ब्रिटिश वसाहत सरकारच्या सेवेत न्यायालयात रोखपाल होते. हिंदी महासागराच्या दोन्ही किनाऱ्यांवर नोकरी-व्यापारानिमित्त पसरलेल्या असंख्य भारतीय कुटुंबांपैकीच हे एक. मुलाला शिक्षणासाठी भारतात पाठवणे हे अशा घरांत स्वाभाविकच मानले जाई.

४/
वयाच्या आठव्या वर्षी फारुख सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत दाखल झाला. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला इथेच मिळाले आणि पियानोचे रीतसर शिक्षणही इथेच झाले. १९५८ मध्ये पाच मुलांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्यात फ्रेडी पियानो वाजवी. मुख्य गायक दुसराच मुलगा होता. शाळेच्या कार्यक्रमांत ही मुले क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांच्या धाटणीची रॉक अँड रोल गाणी सादर करीत. सह्याद्रीच्या माथ्यावर लिटल रिचर्ड! या नावापाशी क्षणभर थांबले पाहिजे.

५/
लिटल रिचर्डचा जन्म १९३२ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या मेकन शहरात झाला. दक्षिणेतील वंशभेदाच्या कायद्यांखाली वाढलेल्या या कृष्णवर्णीय मुलाला सिस्टर रोझेटा थार्प हिने किशोरवयातच स्वतःच्या कार्यक्रमात रंगमंचावर गाण्याची संधी दिली. एका हाती विद्युत गिटार घेऊन भक्तिगीते गाणारी ही विलक्षण स्त्री होती. पुढे बिली राइट या ब्लूज गायकाचा उंच केशसंभार आणि चेहऱ्यावरचा रंग रिचर्डने आपलासा केला. १९५५ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे त्याने ‘टुटी फ्रुटी’ ध्वनिमुद्रित केले आणि रंगवलेल्या डोळ्यांचा, पियानोवर तुटून पडणारा हा गायक जगभर पोहोचला. पाचगणीतल्या पियानोवर बसलेल्या मुलालाही तो भेटला, तो असा.

६/
याच लिटल रिचर्डच्या साथीदारांत १९६४-६५ च्या सुमारास एक डावखुरा गिटारवादक होता. त्याचे नाव जिमी हेंड्रिक्स. मुख्य कलाकारापेक्षा साथीदाराने अधिक उठून दिसू नये अशी तिथली शिस्त, आणि हेंड्रिक्सच्या भडक कपड्यांवरून खटके उडत असल्याचे सांगितले जाते. म्हणजे ज्या घरातून फ्रेडीने दुरून काही उचलले, त्याच घरात हेंड्रिक्सने उमेदवारी केली होती. गुरू-शिष्य होण्याआधी हे दोघे एका अर्थाने गुरुबंधू होते.

७/
हेंड्रिक्सची स्वतःची जडणघडणही बोलकी आहे. बोटांत मडी वॉटर्स, बी. बी. किंग यांचे ब्लूज मुरलेले होते, पण गाण्याच्या बाबतीत त्याला स्वतःच्या आवाजाचा संकोच वाटे. रूढ अर्थाने गोड नसलेला बॉब डिलनचा आवाज ऐकून त्याला धीर आला. त्याने डिलनची गायकी उचलली नाही. असा आवाज असूनही गाता येते, एवढेच त्याने डिलनकडून घेतले. कलेच्या इतिहासात ‘प्रभाव’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. पुष्कळदा प्रभावातून हाती येते ते कौशल्य नसते, ती मोकळीक असते.

८/
२४ सप्टेंबर १९६६ रोजी हेंड्रिक्स लंडनमध्ये उतरला आणि काही महिन्यांतच तिथल्या नामांकित गिटारवादकांना त्याने चकित करून सोडले. त्याचा पोशाखही तितकाच गाजला : सोनेरी फीत लावलेला जुना ब्रिटिश घोडदळाचा कोट. असे जुने गणवेश विकणाऱ्या एका प्रसिद्ध दुकानाचे नाव होते ‘आय वॉज लॉर्ड किचनर्स व्हॅलेट’. हा किचनर म्हणजे १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती असलेला आणि व्हाइसरॉय कर्झनशी झालेल्या संघर्षामुळे भारतीय इतिहासात नोंदला गेलेला तोच किचनर. साम्राज्य आटत चालले होते आणि त्याचे रुबाबदार गणवेश जुन्या बाजारात आले होते. तोच कोट एक कृष्णवर्णीय अमेरिकन अंगावर चढवतो, यातला उपरोध लंडनकरांच्या नजरेतून सुटणारा नव्हता. काही वृत्तपत्रांनी त्याची ‘बोर्निओचा रानटी माणूस’ अशी हेटाळणी केली. तरीही सभागृहे भरून वाहत राहिली.

९/
फ्रेडी याच लंडनच्या सीमेवर निर्वासित म्हणून आला होता. १९६३ मध्ये तो पाचगणीहून झांझिबारला परतला. त्याच वर्षी १० डिसेंबरला झांझिबार स्वतंत्र झाले आणि महिनाभरातच, १२ जानेवारी १९६४ रोजी, तिथे रक्तरंजित क्रांती झाली. अरब आणि भारतीय वंशाच्या हजारो लोकांचे बळी गेले. बल्सारा कुटुंब इंग्लंडला पोहोचले आणि हीथ्रो विमानतळाजवळील फेल्टम येथे स्थिरावले. एप्रिल १९६८ मध्ये इनॉक पॉवेल या खासदाराने स्थलांतरितांविरुद्ध आपले कुप्रसिद्ध भाषण केले, तेव्हा हा सावळा तरुण ईलिंग येथील कला महाविद्यालयात ग्राफिक्सचा विद्यार्थी होता.

१०/
या महाविद्यालयीन वर्षांत फ्रेडीने हेंड्रिक्सचे कार्यक्रम पुन्हा पुन्हा पाहिले. खोलीच्या भिंतींवर त्याची छायाचित्रे होती आणि वह्यांत त्याचीच रेखाचित्रे. फ्रेडीने एक जुनी गिटारही मिळवली, पण त्या वाद्यावर त्याचा हात जेमतेमच राहिला. एकलव्याने द्रोणाचार्यांची मातीची मूर्ती घडवली, या मुलाने आपल्या गुरूची चित्रे काढली. फरक इतकाच की एकलव्य गुरूचीच विद्या शिकला, फ्रेडीला ती येणे शक्य नव्हते. नक्कल करण्याची वाटच बंद असल्यामुळे त्याला गुरूकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागले. तो माणूस उभा कसा राहतो, झळकतो कसा, वाद्याला शरीराचाच भाग कसा बनवतो, हजारो डोळे स्वतःवर कसे खेचून घेतो, हे तो टिपत राहिला.

११/
क्वीनमध्ये हेंड्रिक्सचा वारसा जणू वाटून घेतला गेला. वडिलांच्या मदतीने घरीच गिटार तयार करणारा ब्रायन मे हाही हेंड्रिक्सचा निस्सीम चाहता. गिटारचा नाद त्याच्याकडे आला, तर रंगमंचावरचा वावर फ्रेडीकडे. सुरुवातीच्या दिवसांत एका कार्यक्रमात मायक्रोफोनचा दांडा मधूनच तुटला आणि फ्रेडी वरचा अर्धा भाग हातात घेऊनच गात राहिला, असे सांगतात. तो अर्धा दांडा पुढे त्याची कायमची खूण झाला. तो त्याला तलवारीसारखा परजे, राजदंडासारखा धरी आणि गिटारसारखा छातीशीही घेई. ज्याला गिटार वश झाली नाही, त्याने बिनतारांचे वाद्य शोधले होते.

१२/
पोशाखाचेही तसेच. केन्सिंग्टन मार्केटमधल्या गाळ्यात तो एडवर्डियन काळातील जुने कपडे विकत असे आणि स्वतःही वापरत असे. १९७४ मध्ये झँड्रा ऱ्होड्स या वेशभूषाकार स्त्रीने त्याच्यासाठी पांढराशुभ्र, चुणीदार, पंखांसारख्या बाह्यांचा अंगरखा घडवला. ‘कॅबरे’ चित्रपटातील लायझा मिनेली, अरीथा फ्रँकलिनचा गळा, ऑपेरा, बॅले अशा अनेक ठिकाणांहून तो वेचत राहिला. १९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’त पियानोवरचे भावगीत, ऑपेरा आणि गडगडाटी रॉक सहा मिनिटांच्या आत एकत्र नांदतात. १९७९ मध्ये तो रॉयल बॅलेच्या नर्तकांसह मंचावर नाचलाही. एकाच गुरूचा शिक्का घेऊन फिरणाऱ्या कलाकाराची ही लक्षणे नव्हेत.

१३/
एक लहान उदाहरण फार काही सांगून जाते. १९७९ मध्ये म्युनिक येथे फ्रेडीने ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ हे गाणे काही मिनिटांतच रचले. एल्विस प्रेस्लीला वाहिलेली ती मानवंदना होती आणि त्याने ती गिटारवर बांधली. गिटारवरचे मोजकेच स्वर हाताशी असल्याने गाणे आपोआप सुटसुटीत झाले, असे तो स्वतःच सांगे. १९८० मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. जे येत नव्हते, त्यानेच गाण्याला आकार दिला.

१४/
१३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्ली मैदानावर ‘लाइव्ह एड’मध्ये क्वीनला जेमतेम वीस मिनिटे मिळाली. अंगात साधा पांढरा बनियन, फिकट जीन्स आणि हातात तो अर्धा दांडा. समोरच्या सुमारे ७२ हजार लोकांचे हात एका तालात उठले. पुढच्याच वर्षीच्या दौऱ्यात लष्करी बाजाचा, बकलांचा पिवळा कोट त्याच्या अंगावर आला. कार्यक्रमाच्या शेवटी तो राजमुकुट आणि पायघोळ राजवस्त्र घालून येई, आणि ब्रिटनच्या राष्ट्रगीताचे सूर वाजत. हेंड्रिक्सने साम्राज्याचा कोट घातला होता. साम्राज्याच्या नोकरदाराच्या मुलाने थेट मुकुटच डोक्यावर ठेवला, आणि इंग्रज प्रेक्षकांनी त्याला मनापासून दाद दिली.

१५/
२४ नोव्हेंबर १९९१ रोजी फ्रेडीचे निधन झाले. हयातीत तो झांझिबार आणि पाचगणीबद्दल जाहीरपणे फारसा बोलला नाही. त्यामुळे आज ‘तो आमचाच’ म्हणणारे पुष्कळ आहेत : भारतीय, पारशी, आफ्रिकी, ब्रिटिश. प्रत्येकाचा दावा थोडा खरा आहे. परंतु त्याची वंशावळ रक्तापेक्षा रंगमंचावर अधिक स्पष्ट वाचता येते : रोझेटा थार्प, लिटल रिचर्ड, जिमी हेंड्रिक्स, फ्रेडी मर्क्युरी. समाजाने कडेला उभे केलेल्या प्रत्येकाने मधोमध उभे राहण्याचे धाडस आधीच्याकडून घेतले आणि ते आपापल्या वाद्यावर वाजवले.

१६/
आवडत्या कलाकाराची केशरचना, कपडे, लकबी उचलणाऱ्या तरुणांना ‘नकलाकार’ म्हणून हिणवण्याची प्रथा जुनी आहे. इतिहास इतका कठोर नाही. उसना कोट घालूनच पुष्कळजण घराबाहेर पडतात. तो कोट त्यांना अंगाला कुठे बसत नाही हे ज्यांच्या लक्षात येते, ते तिथूनच आपले माप घ्यायला लागतात.

(धागा समाप्त)