गाडी खाली आणली, दिव्यांचा झोत कुठे गेला?

मोटारीचे मूळ स्प्रिंग काढून आखूड स्प्रिंग बसवायचे आणि गाडी दोन इंच खाली आणायची, ही हौस पुण्यात नवी नाही. या कामानंतर चाकांचे अलाइनमेंट बहुतेक मालक करून घेतात. दिव्यांच्या झोताकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. येरवड्यात गुंजन चौकातून नगर रस्त्याला लागणाऱ्या किंवा गोल्फ क्लबमार्गे विमानतळाकडे निघालेल्या दुचाकीस्वाराला रात्री या दुर्लक्षाचा त्रास सोसावा लागतो. गाडीच्या मालकालाही तो होतो, फक्त त्याला तो कळत नाही.

डिपरचा झोत जमिनीला समांतर नसतो. तो किंचित खाली कललेला असतो. हा कल टक्क्यांत मोजतात. एक टक्का कल म्हणजे १० मीटर अंतरावर झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा १० सेंटिमीटर खाली येते. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असेल, तर ही कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. आता गाडी पुढून आणि मागून सारखीच ५ सेंटिमीटर खाली आली, तर कल तोच राहतो आणि झोताची पोहोच ६० मीटर होते. हा फरक फारसा जाणवत नाही.

खरा घोटाळा होतो तो पुढची आणि मागची बाजू कमी-जास्त खाली बसल्यावर. समजा, पुढची बाजू ५ आणि मागची ३ सेंटिमीटर खाली गेली. दोन चाकांमधील अंतर अडीच मीटर धरले, तर गाडी नाकाकडे ०.८ टक्के झुकते. झोताचा कल १.८ टक्के होतो आणि पोहोच ३३ मीटरवर येते, म्हणजे जवळपास निम्मी. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार, चालकाला प्रतिक्रियेसाठी लागणारा एक सेकंद धरून, कोरड्या रस्त्यावरही थांबायला ३५ मीटरहून अधिक अंतर घेते. उलट मागची बाजू पुढच्यापेक्षा ३ सेंटिमीटर अधिक बसली, तर झोत १.२ टक्के वर उचलला जातो आणि थेट समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो.

इथे एक चूक सर्रास होते. जुन्या उंचीला भिंतीवर खूण करून ठेवलेली असते आणि गाडी खाली आल्यावर झोत पुन्हा त्याच खुणेवर नेला जातो. भिंत ५ मीटरवर असेल, तर त्या अंतरावरचे ५ सेंटिमीटर म्हणजे पूर्ण एक टक्का! कल शून्य होतो, झोत आडवा जातो आणि रस्त्याला टेकतच नाही. म्हणून दिव्याच्या मध्याची उंची नव्याने मोजून खूणही नव्याने करावी.

नवे स्प्रिंग बसायला थोडे दिवस लागतात. तेवढे चालवून, अलाइनमेंट उरकून मग दिव्यांकडे वळावे. टायरमध्ये योग्य हवा, टाकीत इंधन आणि चालकाच्या जागेवर साधारण ७५ किलो वजनाचा माणूस हवा. सपाट जागा मिळणे हे सर्वांत अवघड काम. सोसायट्यांच्या वाहनतळांनाही पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो आणि डोळ्यांना तो दिसत नाही. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी चाकांपासून भिंतीपर्यंत धरली, की उतार लगेच उघड होतो. स्टिअरिंगजवळ दिव्यांची उंची बदलणारी चकती असेल तर ती शून्यावर ठेवावी. त्यानंतर एकेक दिवा झाकून, दुसऱ्याची कड ५ मीटरवरील भिंतीवर नव्या खुणेच्या ५ सेंटिमीटर खाली आणावी. अनेक गाड्यांवर कंपनीने ठरवलेला टक्का छापलेला असतो. तो वेगळा असल्यास तोच पाळावा. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून कड उजवीकडे आडवी राहून डावीकडे वर चढलेली दिसली पाहिजे.

झोत आपोआप वर-खाली करणाऱ्या गाड्यांत केवळ स्क्रू फिरवून भागत नाही. तिथे सस्पेन्शनच्या दांडीला सेन्सर जोडलेला असतो. मागची बाजू खाली आली की डिकीत ओझे आहे असे त्याला वाटते आणि तो झोत आणखी खाली दाबतो. स्कॅनर लावून सेन्सरचा शून्यबिंदू नव्याने ठरवून घ्यावा लागतो. हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात बाजारातला एलईडी बल्ब खुपसलेला असेल, तर प्रकाश विखुरतो; त्याला कोणताही स्क्रू उपयोगाचा नाही.

कायद्याचेही भान हवे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ नुसार, दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेले समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत. गाडीच्या मूळ रचनेतील बदलांवर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने बंधने घातली आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती उचलून धरली. त्यामुळे स्प्रिंग बदलण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे चौकशी करणे शहाणपणाचे. येरवड्यातच, आळंदी रस्त्यावर फुलेनगरला, परिवहन कार्यालयाचे आवार आहे. पण खासगी मोटार नेहमीच्या तपासणीसाठी परिवहन खात्यापुढे उभी राहते, ती नोंदणीला १५ वर्षे झाल्यावर. तोवर तिच्या झोताचा कल मोजणारा मालकाशिवाय दुसरा कोणी नसतो.