लाख सेकंदांचा हिशेब

आमचे गणिताचे गुरुजी वर्गात आले की फळ्यावर एखादी भलीमोठी संख्या लिहीत आणि विचारत, ‘‘इतक्या सेकंदांचे तास-मिनिटे किती?’’ एकदा त्यांनी १,००,००० हा आकडा लिहिला. ३६०० ने भागले की २७ तास. बाकी २८००. तिला ६० ने भागले की ४६ मिनिटे आणि वर ४० सेकंद. मी घाईघाईने ‘२७ तास ४६ मिनिटे’ असे उत्तर दिले. गुरुजी म्हणाले, ‘‘चाळीस सेकंद कुठे गेले? बाकी गिळायची नाही!’’ तेव्हा ही शिस्त मला जाचक वाटली होती.

मुळात हा साठाचा घोळ आला कुठून? प्राचीन बॅबिलोनियात ६० च्या पटीत आकडेमोड चाले. साठाला दोन, तीन, चार, पाच, सहा, दहा, बारा अशा कितीतरी संख्यांनी निःशेष भाग जातो. त्यामुळे अपूर्णांकांची कटकट कमी. ग्रीक ज्योतिर्विदांनी ही पद्धत उचलली. पुढे लॅटिन ग्रंथांत पहिल्या बारीक भागाच्या नावावरून ‘मिनिट’ आले आणि दुसऱ्या बारीक भागावरून ‘सेकंद’. सेकंद म्हणजे शब्दशः ‘दुसरा’!

आपल्या पंचांगातही साठच आहेत. अहोरात्राच्या ६० घटिका, घटिकेची ६० पळे, पळाची ६० विपळे. घटिका २४ मिनिटांची, तर पळ २४ सेकंदांचे. बुडाला बारीक भोक असलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यावर ठेवायचे. ते भरून बुडाले की एक घटिका झाली. गुरुजींचे लाख सेकंद या हिशेबाने एक अहोरात्र, ९ घटिका, २६ पळे आणि ४० विपळे होतात.

हा भागाकार कायमचा मिटवण्याचा प्रयत्न फ्रान्सने करून पाहिला. राज्यक्रांतीनंतर १७९३ साली तिथे दशमान वेळेचा कायदा झाला. दिवसाचे १० तास, तासाची १०० मिनिटे, मिनिटाचे १०० सेकंद. म्हणजे लाख सेकंदांचा बरोबर एक दिवस! भागायला नको, बाकी उरायला नको. पण घरोघरची घड्याळे काही एका कायद्याने बदलत नाहीत आणि माणसांच्या सवयी तर त्याहून नाहीत. ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने ही सक्ती स्थगित झाली. गंमत अशी, की मीटर आणि ग्रॅम यांना मान्यता देणारा कायदाही हाच. लांबी आणि वजन दहाच्या घरात गेले, वेळ मात्र साठाच्याच घरात राहिली.

तुम्ही म्हणाल, आता संगणक आहेत. बाकीची चिंता कशाला? तर मग एक दुःखद प्रसंग ऐका. आखाती युद्धात सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेची ‘पेट्रियट’ क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा तैनात होती. तिचे घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजी आणि त्या संख्येला एकदशांशाने गुणून सेकंद काढी. पण संगणकाच्या शून्य-एकच्या भाषेत एकदशांश पुरता लिहिताच येत नाही; जसा आपल्याला एकतृतीयांश दशांशात लिहिताना तीनावर तीन मांडत बसावे लागते. जागा संपली तिथे पुढचे अंक छाटले गेले. चूक नगण्य होती. पण यंत्र सुमारे १०० तास अखंड चालू होते. म्हणजे ३,६०,००० सेकंद, अर्थात ३६ लाख दशांश-सेकंद! थेंबे थेंबे तळे साचले आणि तफावत झाली सेकंदाच्या सुमारे एकतृतीयांश भागाएवढी.

तेवढ्या वेळात इराकचे ‘स्कड’ क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी रडार चुकीच्या जागी शोधत राहिले, प्रतिहल्ला झालाच नाही आणि अमेरिकेचे २८ सैनिक बराकीत ठार झाले. यंत्र मधेच बंद करून पुन्हा सुरू केले असते, तरी मोजणी शून्यापासून सुरू झाली असती. दुरुस्त केलेली संगणकप्रणाली तिथे पोहोचली ती दुसऱ्या दिवशी.

हे वाचले त्या दिवशी मला फळ्यावरचे ते लाख सेकंद आठवले. आज घरात नातवंडे हाच भागाकार करतात, तेव्हा तास-मिनिटांवर थांबून वही मिटू पाहतात. मी हळूच विचारतो, ‘‘आणि बाकी?’’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)