ब्रेकच्या दिव्यामागची कळ

ब्रेक घट्ट लागतो, गाडी हवी तिथे थांबते, आणि तरी मागचे लाल दिवे पेटत नाहीत. १९६२ साली इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडू लागलेल्या एमजीबी या स्पोर्ट्स कारच्या मालकांना हा बिघाड चांगलाच ओळखीचा आहे. चालवणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. धोका असतो तो मागून येणाऱ्याकडून. बल्ब शाबूत, फ्यूज शाबूत, तर संशय जातो अंगठ्याएवढ्या ब्रेक लाइट स्विचवर. तो असा दगा का देतो, याचं उत्तर त्याच्या कुळात सापडतं.

या कुळाच्या आरंभी एक अभिनेत्री उभी आहे. मूकपटांच्या काळात गाजलेली, कॅनडात जन्मलेली फ्लोरेन्स लॉरेन्स स्वतः हौसेने मोटार चालवायची. १९१४च्या सुमारास तिने एक युक्ती काढली: पेडल दाबलं की गाडीच्या मागे ‘स्टॉप’ लिहिलेली पाटी वर यायची. तिने पेटंट घेतलं नाही आणि तिच्या नावाला मोटारीच्या इतिहासात मिळायला हवी होती ती जागा मिळाली नाही. पाय खाली गेला की मागच्याला आपोआप कळावं, ही कल्पना मात्र टिकली.

पाटीची जागा दिव्याने घेतली तेव्हा त्याला कळ लागली. त्या काळचे ब्रेक सळ्या आणि तारांनी ओढले जात. साहजिकच स्विचही ओढीचा: पेडलाला किंवा सळीला एक स्प्रिंग अडकवायची, ती ताणली की आतले संपर्क जुळायचे.

मग ब्रेकमध्ये तेल आलं. १९२१च्या ड्यूझेनबर्ग मॉडेल ए गाडीत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक होते. पुढे सगळीकडे हीच पद्धत रुळली आणि स्विच थेट तेलाच्या नळीवर जाऊन बसला. पेडल दाबलं की तेलाचा दाब पातळ पडद्याला ढकलतो, पडदा संपर्क जुळवतो, दिवे लागतात. ना सळी, ना स्प्रिंगची जुळवाजुळव. कल्पना खरोखर देखणी होती. सुरुवातीच्या एमजीबीत बॉनेटखाली, ब्रेकच्या नळ्यांच्या जोडावर हाच स्विच आहे.

पण दोन गोष्टी त्याला भोवतात. पुरेसा दाब वाढेपर्यंत तो जागाच होत नाही. हलका ब्रेक मागच्याला दिसत नाही. दुसरं म्हणजे, २१ वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर प्रवाह ओढतात, आणि तो तोडताना संपर्कांवर दर वेळी बारीक ठिणगी उडते. संपर्क काळे पडत जातात. मग दिवा लावण्यासाठी पेडल अधिकाधिक जोरात दाबावं लागतं, आणि एके दिवशी तोही उपाय चालत नाही.

निदान सोपं आहे. इग्निशन चालू करून स्विचवरच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना टेकवायच्या. एक हिरवी, दुसरी हिरव्यावर जांभळी रेघ असलेली. दिवे लागले तर स्विच गेला. नवा हाताशी ठेवूनच जुना फिरवून काढायचा, कारण त्या भोकातून ब्रेक ऑइल झिरपतं आणि हवा आत शिरते. सांडलेलं तेल लगेच पुसावं, ते रंग खातं. नंतर पेडल मऊ लागलं तर ब्रेकमधली हवा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये.

तेल आणि वीज एकाच डबीत कोंडण्याची जोखीम फोर्डच्या गाड्यांतही दिसली. तिथला दाबाचा स्विच क्रूझ कंट्रोल बंद करण्यासाठी होता. पडद्यातून तेल झिरपून उभ्या गाड्यांनाही आगी लागल्या, आणि १९९९ ते २००९ या काळात एक कोटीहून अधिक वाहनं दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली.

ब्रेकच्या दिव्याचा स्विच तोवर बहुतेक गाड्यांत पेडलापाशी परतला होता. नंतरच्या एमजीबीतही तो तिथेच आहे, आणि १९८९ साली आलेल्या माझदा एमएक्स-५ मध्येही. पेडल मोकळं असताना ते स्विचची दांडी दाबून धरतं. पाय पडला की दांडी सुटते आणि दिवे लागतात. बदलणं दहा-पंधरा मिनिटांचं काम, पण चेकनट आवळण्याआधी अंतर नीट बघायला हवं. स्विच मागे राहिला तर दिवे सतत जळून बॅटरी उतरते. फार पुढे आला तर पेडल पूर्ण वर येत नाही.

आता या कळीवर जबाबदाऱ्याही वाढल्या आहेत. तिच्या इशाऱ्यावर क्रूझ कंट्रोल सुटतो, आणि ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ‘पार्क’मधून हलतो. सप्टेंबर २०१० पासून अमेरिकेत अशा नव्या गाड्यांना हे गिअरचं कुलूप सक्तीचं झालं. जुन्या एमजीबीचे जाणते मालक मात्र नवा स्विच बसवताना सोबत एक रिले जोडतात. बल्बांचा भार रिले उचलतो आणि स्विचच्या वाट्याला अगदी थोडा प्रवाह उरतो.