अंगणातील कोंबडी आणि शेजारधर्म

शहरातील नोकरी संपवून, किंवा ती संपण्याची वाट न पाहताच, गावाकडे परतण्याचा मनसुबा सांगणारी कुटुंबे अलीकडे आम्हांस वरचेवर भेटतात. २०२० च्या टाळेबंदीनंतर तर हा विचार अधिकच जणांच्या तोंडून ऐकू येऊ लागला. कुणी भुसावळच्या रेल्वे वसाहतीत उभे आयुष्य काढलेले असते, कुणी मुंबई-नाशिककडे कारखान्यात. बोलणे सुरू झाले की आधी घराची दुरुस्ती येते, मग विहीर, मग चार झाडे. आणि शेवटी, काहीसे हसत, अंगणातील दहा-बारा कोंबड्या. या साऱ्या बेतातील सर्वांत स्वस्त वस्तू कोंबडी. म्हणूनच बहुधा तिच्याविषयी सर्वांत कमी विचार केलेला असतो.

‘आता कुणाची कटकट नको, आपण आणि आपले अंगण,’ अशी या स्वप्नामागची भावना असते. ती आम्ही समजू शकतो. परंतु खानदेशातील कोंबडीचा इतिहास पाहिला, तर तो या भावनेला दुजोरा देत नाही. तो वेगळेच काही सांगतो, आणि ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मुळात कोंबडी हा जंगलातील पक्षी. आग्नेय आशियातील तांबडा रानकोंबडा हा तिचा मुख्य पूर्वज. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पाळीव कोंबडीचे आजवरचे सर्वांत जुने खात्रीलायक अवशेष थायलंडमधील बान नॉन वाट येथे सापडले असून ते सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. भात व तृणधान्ये पिकविणाऱ्या माणसांच्या वस्तीजवळ सांडलेल्या दाण्यांच्या ओढीने हा पक्षी आला आणि तेथेच राहिला, असे हे संशोधक मानतात. या कहाणीत आपल्या भूमीचाही वाटा आहे. कोंबडीच्या पायांना व कातडीला पिवळा रंग देणारा गुण तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नसून, आपल्या सह्याद्रीत आणि दक्षिणेत आढळणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून आला आहे, असे २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. सांगायचे तात्पर्य, जेथे माणसे एकत्र राहून धान्य पिकवू लागली तेथे कोंबडी आली. एकट्या माणसाच्या नव्हे, वस्तीच्या सोबतीने ती माणसाळली.

खानदेशात वस्ती करून स्थिर राहणे ही गोष्ट नेहमीच सोपी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लढाया, लूट आणि दुष्काळ यांनी हा मुलूख उजाड झाला होता. सातपुड्यातील आणि सातमाळ्यातील भिल्लांशी ब्रिटिश सरकारचा संघर्ष चालू होता. १८२५ साली सरकारने धोरण बदलले. जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याने धरणगाव येथे भिल्लांची पलटण उभारली, आणि त्याचबरोबर भिल्ल कुटुंबांना जमीन, बैल, अवजारे व तगाई देऊन शेतीवर बसविण्याचे काम सुरू झाले. या धोरणामागे राज्यकर्त्यांचा स्वार्थ होता, हे विसरून चालणार नाही. डोंगरातल्या माणसाचे रान त्याच्या हातून गेले ते गेलेच. पण ज्यांनी नांगर धरला, त्यांचे दारही स्थिर झाले, आणि दार स्थिर झाले की तेथे कोंबडी येतेच. आजही सातपुड्याच्या कुशीत पाड्यावर गेले, तर कुडाच्या घरापाशी कोंबड्या हटकून दिसतात. पाहुणा आला, नवस फेडायचा झाला, औषधाला पैसे लागले, तर घरातील हीच शिल्लक मोडली जाते.

ही शिल्लक बहुतेक ठिकाणी बाईच्या ताब्यात असते, हे विशेष. शेत पुरुषाच्या नावावर, बैल पुरुषाच्या दावणीला. पण अंडी विकून आलेले पैसे घरधनिणीच्या पदराच्या गाठीला. जिच्याकडे कोंबडीही नाही, अशी गरीब बाई दुसऱ्याची तलंग निम्म्या वाट्याने पाळते. खुडूक झालेली कोंबडी अंड्यांवर बसवायची, एकवीस दिवसांनी पिले निघाली की ती सांभाळून वाढवायची, आणि मोठी झाली की दोघींनी वाटून घ्यायची. कागद नाही, साक्षीदार नाही. शेजारणीच्या शब्दावर चाललेला हा व्यवहार. बँकेने ज्यांना कधी दारात उभे केले नाही, त्यांची ही बँक होय.

खेड्यातील साध्या जीवनाकडे साऱ्या देशाचे लक्ष वेधले गेले ते खानदेशातूनच. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात भरले, ते आपल्या फैजपुरास. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. खेड्यात अधिवेशन व्हावे हा आग्रह गांधीजींचा. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातील साध्या सामग्रीतून नगरीची सजावट केली, आणि खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन भरले. खेडे म्हणजे शहराला कंटाळलेल्यांचे आश्रयस्थान नव्हे, तर एकमेकांच्या श्रमांवर उभा राहिलेला समाज होय, हा त्यामागील विचार होता. फैजपूर आणि त्याच्या शेजारचे सावदा ही नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत. त्यांच्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

कोंबडीकडे गरिबाच्या उन्नतीचे साधन म्हणून पाहणाऱ्यांत ख्रिस्ती मिशनरीही होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर प्रदेशातील एटा येथे ए. ई. स्लेटर या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्याने गोरगरिबांसाठी सुधारित कोंबड्यांचा उपक्रम चालविला. त्याच सुमारास दक्षिणेत मार्तंडम येथे वाय. एम. सी. ए.चे स्पेन्सर हॅच यांनी ग्रामसुधारणेचे केंद्र उभारले. तेथे एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. चांगली कोंबडी देऊन भागत नाही, कारण एकट्या घरची पाच-सहा अंडी बाजारात कोण विचारतो? म्हणून अनेक घरांची अंडी एकत्र करून विकण्याची व्यवस्था तेथे करण्यात आली. ही मंडळी आपल्या पंथाची नव्हती, तरी त्यांचा हा अनुभव आपणही आपला मानावा असा आहे.

स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजनांत व्हाइट लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड अशा परदेशी जातींचा प्रसार झाला. पुढे १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि १९८२ साली अंड्यांच्या भावासाठी राष्ट्रीय समन्वय समिती स्थापन झाली. कोंबडी अंगणातून निघून शेडमध्ये गेली. खानदेशात या उद्योगाचे मोठे केंद्र झाले नवापूर. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील या गावाच्या रेल्वे स्थानकातूनच महाराष्ट्र आणि गुजरातची सीमा जाते. एका बाजूस आपले राज्य, दुसऱ्या बाजूस गुजरातची बाजारपेठ. हजारो पक्ष्यांच्या शेड उभ्या राहिल्या, अनेकांच्या हाताला काम मिळाले. अंगणातील कोंबडीशी या उद्योगाचा काही संबंध उरला आहे, असे कुणालाही वाटेनासे झाले.

तो संबंध २००६ साली उघड झाला. त्या वर्षाच्या आरंभी नवापूरच्या शेडमध्ये कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या. हा राणीखेत रोग असावा, असा पहिला समज झाला. राणीखेतला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या महाभयंकर साथीलाही आपल्या आजोबा-पणजोबांनी हेच नाव दिले होते. भोपाळच्या प्रयोगशाळेत नमुने तपासले गेले, आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी जाहीर झाले की हा बर्ड फ्लू आहे. भारतातील तो पहिलाच उद्रेक. पांढरे पोशाख घातलेली पथके आली, खड्डे खणले गेले, लाखो पक्षी मारून पुरण्यात आले.

महिना उलटण्याच्या आत, मार्चच्या मध्यास, जळगाव जिल्ह्यातील मारूळ, हातेड, साळवे आणि सावदा येथे रोग आढळला. या वेळी शेड नव्हत्या. होती ती घराघरांतील खुराडी. ज्या फैजपूर-सावद्याच्या परिसरात सत्तर वर्षांपूर्वी ग्रामजीवनाचा गौरव झाला, तेथेच सरकारी पथके दारोदार फिरून डालग्याखालच्या कोंबड्या गोळा करू लागली. रोग एका घरात असला, तरी ठरलेल्या अंतरातील प्रत्येक घरच्या कोंबड्या माराव्या लागतात, असा नियम. निरोगी असोत वा आजारी, दोन असोत वा वीस. अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीमागे भरपाई ठरली ४० रुपये. अनेकांनी कोंबड्या लपविल्या, अशी वृत्ते तेव्हा आली. त्यांना दोष देण्यास आमची जीभ वळत नाही. जिच्या पदराची गाठच सुटली, तिला विषाणूचे शास्त्र कसे पटावे? आणि तरीही नियम चुकीचा नव्हता. लपविलेली एक आजारी कोंबडी साऱ्या तालुक्याच्या कोंबड्यांना आणि कदाचित माणसांनाही महाग पडली असती. त्या साथीत आपल्या देशात एकाही माणसास लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही, ही परमेश्वराची कृपा, आणि त्या पथकांतील अनाम कर्मचाऱ्यांच्या कष्टांचे फळ. ऑगस्टमध्ये देश रोगमुक्त जाहीर झाला. परंतु २०२१ च्या फेब्रुवारीत नवापुरात हा रोग पुन्हा आला, आणि पुन्हा लाखो कोंबड्या मारल्या गेल्या.

या इतिहासातून आम्ही एवढेच शिकलो, की अंगणाला कुंपण घालता येते, पण कोंबडीच्या आयुष्याला घालता येत नाही. रोग चपलेच्या तळव्याला, अंड्यांच्या ट्रेला, बाजारातून आणलेल्या पिंजऱ्याला चिकटून येतो. रानपाखरांच्या विष्ठेतून येतो. म्हणून गावी परतणाऱ्या आमच्या बंधुभगिनींना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट लसीची. मानमोडीची लासोटा लस पिलांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकात थेंब टाकून देतात, आणि दीड-दोन महिन्यांनी दुसरी लस टोचतात. पण लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची असते, आणि एकदा विरघळविली की काही तासांतच संपवावी लागते. बारा कोंबड्यांच्या धन्याला ती एकट्याने परवडत नाही. गल्लीतील दहा घरांनी एक दिवस ठरवून सर्वांच्या कोंबड्यांना लस दिली, तरच ती साधते. दुसरी गोष्ट जातीची. गिरिराज, वनराज यांसारख्या जाती अंगणासाठीच तयार केलेल्या आहेत. त्या गावरान कोंबडीपेक्षा अधिक अंडी देतात. झाबुआच्या कडकनाथाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्याचे नावही सर्वतोमुखी झाले आहे. मात्र स्वतः अंडी उबवून पिले वाढविण्यात गावरान कोंबडीचा हात कुणी धरणार नाही. तिसरी गोष्ट उन्हाळ्याची. जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. दाट सावली आणि मातीच्या भांड्यात दिवसातून अनेकदा बदललेले पाणी नसेल, तर कोंबड्या दुपारच्या दुपारी माना टाकतात. आणि शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एकाएकी दोन-चार कोंबड्या मेल्या, तर त्या गुपचूप ओढ्यात फेकू नयेत, की उरलेल्या घाईने बाजारात नेऊन विकू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे, आणि त्याआधी शेजारणीला सांगावे. यात आपले नुकसान होईल. पण शेजारधर्म तो हाच.

प्रभू येशूने यरुशलेमसाठी शोक करताना, पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीचीच उपमा स्वतःस दिली, हे आपण मिस्सेत अनेकदा ऐकले आहे. गरुड किंवा सिंह त्याला आठवला नाही. अंगणातील, रोजच्या पाहण्यातील पक्षी त्याने निवडला. त्या उपमेतील पिले अनेक आहेत, आणि ती एकत्र आणावयाची आहेत, हे मात्र आपण ऐकता ऐकता विसरतो. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रात सृष्टीला सर्वांचे सामाईक घर म्हटले. त्या घराचे अंगणही सामाईकच असणार.

तेव्हा गावी जरूर परतावे, कोंबड्याही जरूर पाळाव्यात. पहाटे कोंबडा आरवला की अंथरुणातून उठून प्रार्थना करावी, आणि तोच आवाज ऐकून पेत्राला काय आठवले, हेही स्मरावे. फक्त शांतता मिळेल ती शेजाऱ्यांपासून दूर राहून, अशी समजूत बरोबर घेऊन जाऊ नये. गावातील शांतता शेजाऱ्यांनीच राखलेली असते. पहिली तलंग विकत आणण्यापूर्वी कुंपणापलीकडच्या घरी जाऊन, त्यांच्या कोंबड्यांना लस कधी दिली होती, एवढे विचारून यावे. ओळखही होईल, आणि कुपीचा खर्चही वाटला जाईल.