पुन्हा बोटीत चढलेला विद्यार्थी



परीक्षेचा निकाल लागला की आपल्या गोंदिया जिल्ह्यात काही घरांत पेढे येतात आणि काही घरांची दारे लागतात. एखादा मुलगा नागपूरहून शिक्षण अर्धवट टाकून परतला, तर त्याच्याहून त्याच्या आईवडिलांनाच लोकांपुढे जाण्याची भीती अधिक वाटते. ‘त्याला पुन्हा पाठवा’ असे म्हणणारा क्वचितच भेटतो. अशा वेळी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या चरित्रातील एक वर्ष आठवते. त्यांचे मोठेपण पुष्कळांना ठाऊक आहे. त्या वर्षाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

त्यांचा जन्म मुंबईचा, १० ऑक्टोबर १८४४ चा. घराणे सुलेमानी बोहरा. इंग्रजी शिकलेला मुलगा दीनापासून दुरावतो, अशी धास्ती त्या काळी समाजात होती. तरीही वडील तय्यबअली यांनी आपली मुले विलायतेस पाठविली. बद्रुद्दीन १८६० साली गेले. तेव्हा सुएझचा कालवा झालेला नव्हता आणि आपल्या गोंदियाला आगगाडीही आलेली नव्हती, यावरून त्या प्रवासाची कल्पना यावी.

तेथे ते मॅट्रिक झाले. १८६३ मध्ये कायद्याच्या अभ्यासासाठी मिडल टेंपलमध्ये दाखल झाले. आणि डोळ्यांनी दगा दिला. दृष्टी इतकी अधू होत गेली की १८६४ च्या अखेरीस अभ्यास सोडून मुंबईस परतावे लागले. एवढा खर्च झाला, आणि हाती पदवी नाही! घराणे व्यापाऱ्याचे, पेढीवर बसले असते तर कोणी नावे ठेवली नसती. जोखीम होती ती परत जाण्यात. डोळे पुन्हा बिघडते, तर दुसऱ्यांदा रिकाम्या हाताने यावे लागले असते. तरीही १८६५ च्या अखेरीस ते पुन्हा विलायतेत अभ्यासाला लागले. एप्रिल १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले आणि मुंबई हायकोर्टातील पहिले हिंदी बॅरिस्टर ठरले. वर्षभर मागे पडले, एवढेच.

श्रीमंताघरचे धाडस सोपे, असे कोणी म्हणेल. पैशाची बाजू खरीच आहे, आणि ती तय्यबजी बंधूंनाही दिसत होती. ज्यांच्या बापाजवळ बोटीचे भाडे नाही, त्या मुलांनी कोठे जावे? बद्रुद्दीन, त्यांचे वडील बंधू कमरुद्दीन व इतर मंडळींनी १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. संस्थेची शाळा निघायला १८८० साल उजाडले. आरंभी शिक्षक तीन, विद्यार्थी सुमारे एकशेवीस. आज त्या संस्थेचा विस्तार पाहणाऱ्याला हे आकडे खरे वाटणार नाहीत.

पुढे १८९५ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. जामिनाचा अर्ज आधी नामंजूर झाला होता. सरकारची नाराजी उघड दिसत असताना न्यायमूर्ती तय्यबजींनी तो मंजूर केला. गोऱ्या अंमलात हिंदी न्यायाधीशाने हे करावे, याला छाती लागते.

आणि मुलींचे काय? मुलांना दूर पाठविणारे बापही मुलींच्या बाबतीत कचरतात, हे आपण रोज पाहतो. बद्रुद्दीन यांनी आपल्या मुलींना मुंबईत शिकविले. १९०४ मध्ये, स्वतः साठीला टेकले असताना, त्यांतील दोघींना इंग्लंडमधील हॅझलमिअर येथे वसतिगृहाच्या शाळेत पाठविले. ज्या समुद्रमार्गाने ते एकदा शिक्षण अपुरे टाकून परत आले होते, त्याच मार्गाने.