तालमीतून वॉकरपर्यंत: खुब्याच्या ऑपरेशननंतरच्या व्यायामाचा इतिहास

मागच्या वेळी आपण कोल्हापूरच्या तालमी बघितल्या. आज त्याच वाटेनं जरा दवाखान्यात जाऊ. खुबा बदलल्यावर फिजिओथेरपिस्ट येतो आणि म्हणतो, "आजोबा, उठा, पाय हलवा." घरचे मात्र म्हणतात, "अहो, ऑपरेशन झालंय, पडून राहू द्या." हा वाद जुना आहे, आणि इतिहासानं त्याचं उत्तर दिलेलं आहे.

व्यायामानं शरीर दुरुस्त करायचं, ही कल्पना कोल्हापूरला नवी नाही. शाहू महाराजांच्या काळात कुस्तीला राजाश्रय मिळाला, १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं. तालमीत मालीश होती, मुरगळलेला पाय बघणारा वस्ताद होता. गंमत बघा, युरोपातही उगम असाच आहे. पेर हेन्रिक लिंग हा तलवारबाजीचा शिक्षक. त्यानं १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामाची संस्था काढली, आणि तिथल्या वैद्यकीय व्यायामातून पुढं आजच्या फिजिओथेरपीची एक मोठी शाखा निघाली. म्हणजे दोन्हीकडं सुरुवात आखाड्यातच झाली.

तरीही दवाखान्यात दीर्घकाळ विश्रांतीचंच राज्य होतं. १९४७ मध्ये रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरानं अंथरुणाचे धोके लिहून दाखवले: रक्ताच्या गुठळ्या, बेडसोअर, आखडलेले सांधे, झिजलेले स्नायू. आपल्याकडं पोलिओच्या साथीनं हा प्रश्न दारात आणला, आणि १९५३ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. त्याच्या आदल्याच वर्षी, कोल्हापुरात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं होतं. पुढं गुडघ्याच्या दुखापतीनं त्यांची कुस्तीच संपली. सांधा गेला की पैलवानाचं काय होतं, हे या गावाला कुणी सांगायला नको.

खुब्याचं ऑपरेशन स्थिरावलं ते जॉन चार्नलींमुळं. त्यांची टेफ्लॉनची वाटी झिजली, रुग्णांची ऑपरेशनं पुन्हा करावी लागली. १९६२ च्या अखेरीस त्यांनी पॉलिथिलीनची वाटी वापरली आणि ती टिकली. तेव्हा रुग्ण बरेच दिवस खाटेवर असे. आता बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात.

मग करायचं काय? आधी पडल्या पडल्या पावलं वर-खाली, म्हणजे पोटरीतलं रक्त वाहतं राहतं. मांडी आणि कुल्ल्याचे स्नायू आवळून सोडायचे. टाच गादीवर सरकवायची. मग वॉकर, मग काठी, आणि काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. कुल्ल्याचा बाजूचा स्नायू दुबळा राहिला तर माणूस लंगडतो, म्हणून पाय बाजूला नेण्याचा व्यायाम महत्त्वाचा.

इथं कोल्हापूरकराची खरी परीक्षा आहे. आपल्याला शंभर बैठकांचा अभिमान. इथं दहा वेळा टाच सरकवली तरी पुरे! तालमीत मोजायचा तो आकडा, इथं मोजायचा तो कोन. मागच्या बाजूनं ऑपरेशन झालं असेल तर सुरुवातीला खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवू नका, पायावर पाय टाकू नका, असं सांगतात, कारण सांधा निखळू शकतो. म्हणजे उकिडवं बसणं बंद, मांडी घालून पंगत बंद. अलीकडं काही डॉक्टर हे नियम सैल करतात, पण ते तुमच्या सर्जननं ठरवायचं, शेजाऱ्यानं नव्हे. आणि हो, ताज्या ऑपरेशनवर जोराची मालीश नको.

मंडळी, वस्तादांनी नव्या पोराला पहिल्याच दिवशी कुस्तीला कधी उतरवलं नाही. आधी माती उकरायला लावली. वॉकर धरून टाकलेली ती पाच पावलं म्हणजे मातीच उकरणं आहे. घरच्यांनी "पडून राहा" म्हणू नये, आणि पैलवानानं घाई करू नये, एवढंच आमचं सांगणं.

आता प्रश्न घेऊ.