टेड ॲलन (तळटीप)

३. टेड ॲलन : साक्रीच्या बैलबाजाराचे वर्णन करता करता लेखक एकदम या अमेरिकन नालफेकपटूकडे वळतो, म्हणून हा खुलासा. नालफेकीत जमिनीत रोवलेल्या लोखंडी खुंटीवर ४० फुटांवरून नाल फेकतात. नाल खुंटीला कवेत घेऊन पडला तर ३ गुण, तिच्यापासून सहा इंचांच्या आत पडला तर १. कोलोरॅडोच्या ॲलनने १९३३ ते १९५९ या काळात दहा वेळा जगज्जेतेपद मिळवले. १९५५ मध्ये त्याने सलग ७२ नाल खुंटीत अडकवले. एवढे करूनही पोट भरण्यासाठी त्याला रोडिओच्या तमाशांत खेळ करून दाखवावे लागले. त्याच्या नावाचे नाल मात्र बाजारात चांगले खपले. हे नाल घोड्याच्या पायात बसणारे नव्हेत. ते सव्वा किलोच्या आसपास, मुद्दाम खेळासाठी घडवलेले. त्यामुळे ‘सारंगखेड्याच्या घोडेबाजारातला कुठलाही नालबंद ॲलनला हरवील’ हे लेखकाचे विधान खानदेशाभिमान म्हणूनच वाचावे. पुढे ॲलन फ्रान्सिस याने विसाहून अधिक जगज्जेतेपदे घेतली. दोघांची गल्लत करू नये.